ताई, एजन्सी लावू का? नवीन फ्रीलान्स चित्रकारांसाठी पायरी पायरीने

दरवर्षी जून-जुलैत रिझल्ट लागले की इन्स्टावर मेसेज सुरू होतात, बहुतेक अभिनव नाहीतर जेजे या कला महाविद्यालयांची मुलं, ताई तुमचं काम बघतो, मीपण फ्रीलान्स सुरू करतोय, एजन्सी लावू का? लावू का म्हणजे जसं काही डबाच लावायचाय, महिन्याचे पैसे भरले की रोज दारात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वर्षी लिंक पाठवणार.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. पुण्यात राहते, बारा-तेरा वर्षं इलस्ट्रेशन करतेय, लहान मुलांची पुस्तकं, पॅकेजिंग, मासिकं, मधेच जाहिराती. पहिली पाच वर्षं एकटीने, मग काही वर्षं स्टुडिओंच्या हाताखालून, आणि आता गेली चार वर्षं परदेशातलं काम एजंटकडून आणि इथलं काम स्वतःच. म्हणजे तिन्ही चवी घेऊन झाल्यात. गॅलरी आणि प्रदर्शनवाल्या पेंटर लोकांचं गणित वेगळं, नट-गायकांचं तर फारच वेगळं, त्यात मी पडत नाही.

पायरी १: "एजन्सी" म्हणजे समोर नक्की कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे चार वेगवेगळ्या माणसांना एजन्सीच म्हणतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

एक म्हणजे खरा एजंट, याला रेप, म्हणजे रिप्रेझेंटेटिव्ह, पण म्हणतात. हा तुमचा पोर्टफोलिओ घेऊन पब्लिशर, जाहिरातवाले, मासिकं यांच्याकडे जातो, तुमच्या नावाने काम आणतो, रेट ठरवतो, करार करतो आणि फीमधून टक्के घेतो. अमेरिकेत साधारण २५ टक्के, इंग्लंडमध्ये ३० पर्यंत. काम नाही आलं तर त्याला काही मिळत नाही. इलस्ट्रेशनमध्ये असे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत, तिकडे मात्र हा धंदा जुना आहे.

दुसरा म्हणजे जाहिरात एजन्सी, डिझाइन स्टुडिओ, कंटेंट कंपनी. पुण्या-मुंबईत कोणी "मी एजन्सीतून काम करतो" म्हणालं की दहातले नऊ जण याच्याबद्दल बोलत असतात. हा तुमचा एजंट नाही, नीट लक्षात घ्या, हा तुमचा क्लायंट आहे. क्लायंटकडून काम त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं आणि त्यातला चित्रांचा तुकडा तो तुम्हाला देतो. टक्केवारीचा विषयच नाही, तो तुम्हाला एक आकडा सांगतो, पुढे किती लावला ते तुम्हाला कळत नाही आणि कळायची सोयही नसते. यात वाईट काही नाही, दुकानदार पण होलसेलचा भाव गिऱ्हाइकाला सांगत नाही. फक्त "आमची एजन्सी माझी काळजी घेते" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

तिसरं म्हणजे ॲपवाले, फायव्हर, अपवर्क वगैरे. फायव्हर सरळ २० टक्के कापतं. हे बाजाराच्या गाळ्यासारखं आहे, गाळ्याचं भाडं द्यायचं, ओरडून माल विकायचा तो तुम्हीच.

चौथा प्रकार आर्टिस्ट मॅनेजमेंट नावाचा, जो आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो. रजिस्ट्रेशन फी, पोर्टफोलिओ बनवायची फी, वेबसाइटवर लावायची फी. इथून सरळ उठायचं, चहा पण प्यायचा नाही. ज्याला तुमच्या कामातून कमवायचंय तो तुमच्या खिशातून सुरुवात करत नाही. (परदेशातले काही चांगले एजंट कलाकारांकडून जाहिरातीच्या खर्चाचा वाटा घेतात हे खरंय, पण ते आधी सांगून, करारात लिहून, आणि बहुतेक वेळा मिळकतीतून कापून. दोन्हीत फरक आहे.)

पायरी २: महिनाभर वही ठेवा

हे कोणी करत नाही आणि खरं उत्तर यातच आहे. एक साधी वही घ्या, रोज रात्री दोनच गोष्टी लिहा, चित्र काढण्यात किती तास गेले आणि बाकी भानगडीत किती गेले. बाकी भानगड म्हणजे कोटेशन, कॉल, "लोगो जरा मोठा करा" टाइप चेंजेस, बिल, पैशासाठी फोन, नवीन लोकांना मेल, वेंडर रजिस्ट्रेशनचे ते सतरा फॉर्म आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो चौथ्यांदा पाठवणं.

आता माझ्याच जुन्या वहीतलं एक काम घेऊ, आकडे गोल केलेत. काम ४०,००० चं. चित्राला ६ दिवस लागले, भानगडीला सगळं मिळून अडीच. म्हणजे साडेआठ दिवसांचे ४०,०००, दिवसाला साधारण ४,७००.

हेच काम एजंटने आणलं आणि त्याने पण ४०,००० च मिळवले, ३० टक्के कापले, हातात २८,०००. भानगड त्याच्याकडे गेली, माझा फक्त अर्धा दिवस गेला, म्हणजे साडेसहा दिवस, दिवसाला ४,३००. तोटाच.

पण त्याने हेच काम ५५,००० ला ठरवलं तर? १६,५०० त्याचे, ३८,५०० माझे, दिवसाला ५,९०० च्या वर. आता फायदा. बरोबरी कुठे होते ते काढलं तर ४३,७०० च्या आसपास, म्हणजे एजंटने तुमच्या रेटपेक्षा नऊ-दहा टक्के जरी जास्त आणले तरी त्याचे ३० टक्के वसूल. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा माझाच विश्वास बसेना, ३० टक्के म्हणजे लूट असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत फिरत होते.

पण, आणि नवीन लोकांनी हा "पण" दोनदा वाचा, हे गणित तेव्हाच बरोबर जेव्हा वाचलेल्या दोन दिवसांत तुमच्याकडे दुसरं पैशाचं काम असतं. माझी डायरी आता भरलेली असते म्हणून माझे दोन दिवस वाचले की ते विकले जातात. तुमचं पहिलं वर्ष आहे, महिन्यात दोन कामं आहेत, तर वाचलेले दोन दिवस तुम्ही सोफ्यावर रील्स बघण्यात घालवणार, त्याची किंमत शून्य, आणि मग कापलेले १२,००० हे १२,००० च कापलेले असतात. म्हणून सुरुवातीला नको म्हणते मी. एजन्सी वाईट असते असं नाही, तुमच्याकडे तिला विकण्यासारखा वेळच अजून नसतो.

पायरी ३: पहिली पंधरा-वीस कामं स्वतः आणा

आणि आणायची कुठून तर आपल्याकडे दिवाळी अंक नावाची गोष्ट आहे. १९०९ ला मनोरंजन मासिकाने पहिला काढला तेव्हापासून आजपर्यंत मराठीत चित्रकाराचं पहिलं काम छापून यायची ही हमखास जागा. दीनानाथ दलालांसारखा माणूस तर १९४५ मध्ये स्वतःचं दीपावलीच काढून मोकळा झाला, चित्रकारही तेच, मालकही तेच, मधे कोणी नाहीच.

या कामाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जून-जुलैत संपादकांना मेल टाकायचा, पाच-सहाच चित्रं जोडायची, त्यात किमान तीन कथाचित्रं हवीत, नुसती पोर्ट्रेट आणि फॅनआर्ट नको. कथा मिळाली की पूर्ण वाचायची (हो, सांगावं लागतं), रफ पाठवायचा, ओके आला की फायनल. मानधन थोडं असतं आणि बऱ्याचदा दिवाळी होऊन गेल्यावर, अंकाच्या जाहिरातींचे पैसे आले की मिळतं. या पैशातून ३० टक्के कोणाला देण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून मराठी पुस्तकं-मासिकांच्या कामाला एजंट हा प्रकार बसतच नाही, कोणी तसं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. मराठी प्रकाशक तर सरळ फोनवर बोलणारी माणसं, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन समोर बसलात तर मेलपेक्षा लवकर काम होतं.

पण यातून तीन गोष्टी शिकाल ज्या एजन्सी शिकवत नाही. एक, स्वतःचा रेट तोंडाने सांगणं. पहिल्यांदा सांगताना आवाज जातो, माझा गेला होता, आठ हजार म्हणायचं होतं आणि पाच निघालं तोंडातून. दोन, एका चित्राला आपल्याला खरंच किती वेळ लागतो. तीन, कुठला क्लायंट पैसे देणार नाही याचा वास. हे तिन्ही न शिकता एजंटकडे गेलात तर तो तुमच्यासाठी चांगलं करतोय का वाईट हे तुम्हाला कळणारच नाही.

पायरी ४: कागद तयार ठेवा

पटकन सांगते. पॅन, कामासाठी वेगळं बँक खातं, बिलाचा एक फॉरमॅट ज्यावर बिल नंबर आणि तारीख असते. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. हे सरकारी साइटवर आधारवर होतं आणि फुकट आहे, कोणी दोन हजार मागितले तर तो दलाल आहे. याचा उपयोग असा की एमएसएमई कायद्यात (२००६ चा आहे) छोट्या धंद्याचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार याच कायद्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. तक्रार करायची वेळ क्वचित येते, पण बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ही ४५ दिवसांची ओळ असली की अकाउंट्सवाल्यांचा आवाज बदलतो, अनुभवाने सांगते. काम घ्यायच्या आधीच रजिस्ट्रेशन करून ठेवा, पैसे अडकल्यावर नाही.

पायरी ५: आता एजन्सी शोधा, आणि तिच्या कलाकारांना विचारा

डायरी भरायला लागली, दोन-तीन कामं वेळ नाही म्हणून सोडावी लागली, नाहीतर परदेशातलं किंवा मोठ्या ब्रँडचं काम हवंय जिथे तुमचा मेल कोणी उघडतच नाही, तर मग वेळ झाली.

एजंटच्या साइटवर सबमिशनचे नियम असतात, ते वाचा आणि तसंच पाठवा. साधारण १२ ते २० चित्रं, एकाच हाताची वाटतील अशी. इथे आपली मुलं मार खातात, कारण कॉलेजमध्ये सगळं येतं हे दाखवायची सवय, एक वॉटरकलर, एक पिक्सेल आर्ट, एक वारली, एक कॅलिग्राफी. एजंटला हरहुन्नरी माणूस नको असतो, त्याला फोनवर एका वाक्यात विकता येईल असा माणूस हवा असतो. आणि त्यांच्या यादीत तुमच्यासारखंच काम करणारे आधीच तिघे असतील तर पाठवू नका, घेणार नाहीत, आणि घेतलं तर चौथ्या नंबरला बसवतील.

हो आलं की सही करायच्या आधी त्यांच्या यादीतल्या दोन-तीन कलाकारांना स्वतः मेल करा, त्यातला एक तरी एजन्सी सोडून गेलेला असला तर उत्तम. विचारायचं काय, वर्षात किती कामं आली, पैसे क्लायंटने दिल्यावर किती दिवसांत तुमच्याकडे येतात, तुम्ही नाही म्हणालात तर कसे वागतात. कलाकार लोक याची उत्तरं देतात, आपली जमात तशी चांगली आहे.

स्टुडिओ असेल तर एवढं करायची गरज नाही, फक्त आधीच्या फ्रीलान्सर्सना पैसे मिळाले का एवढंच विचारा. मी विचारलं नव्हतं. एका स्टुडिओसाठी मसाल्याच्या पाकिटांची सात चित्रं केली, प्रत्येकाचे चार-चार चेंजेस, मग "क्लायंटने अजून रिलीज केलं नाही" हे वाक्य अकरा महिने ऐकलं. एक दिवस वाण्याकडे गेले तर समोर फळीवर माझीच पाकिटं, मीच विकत घेतलं एक, गोडा मसाला होता. त्याचा फोटो काढून स्टुडिओला पाठवला, तेव्हा आठवड्यात पैसे आले. तेव्हापासून स्टुडिओबरोबर नियम एकच, ५० टक्के आधी, आणि उरलेले पैसे "क्लायंटने दिल्यावर" नाही, तारखेवर. त्यांच्या क्लायंटने त्यांना कधी द्यायचे हा त्यांचा प्रश्न, मी त्यांच्या क्लायंटला ओळखत पण नाही.

पायरी ६: करार वाचा, म्हणजे खरंच वाचा

ही पायरी लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं, एक्सक्लुझिव्ह का नाही, आणि कशासाठी. बहुतेक एजंट एक्सक्लुझिव्ह मागतात म्हणजे सगळं काम त्यांच्याचकडून. यात घासाघीस करता येते आणि करायचीच. देश वाटून घ्या, माझ्या करारात भारत बाहेर ठेवलाय, इथलं काम माझं. प्रकार वाटता येतात, जाहिरात त्यांची आणि पुस्तकं माझी. आणि तुमचे जुने क्लायंट, ज्यांना तुम्ही तीन वर्षं घाम गाळून मिळवलंय, त्यांची नावांसकट यादी कराराला जोडा की यांच्यावर कमिशन नाही. ही यादी सही करायच्या दिवशीच होते, नंतर कोणी जोडू देत नाही. माझ्या एका मैत्रिणीने केली नाही, तिच्या स्वतःच्या जुन्या प्रकाशकाच्या कामावर दोन वर्षं २५ टक्के जात होते.

दुसरं, कमिशन कशावर. फीवर असावं, खर्चावर नाही. प्रवास, प्रिंट, स्कॅन याचे पैसे क्लायंट वेगळे देतो तेव्हा त्यावर टक्के कापले जाता कामा नयेत. जीएसटीच्या रकमेवर तर नाहीच नाही.

तिसरं, कॉपीराइट, आणि इथे आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे की मी काढलं म्हणजे माझंच. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १७ मध्ये काढणारा पहिला मालक असं आहे खरं, पण त्याला अपवाद आहेत. नोकरीत असताना काढलं तर मालकाचं. आणि कोणी पैसे देऊन फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट करून घेतलं तर दुसरं काही ठरलेलं नसेल तर ते त्या पैसे देणाऱ्याचं. आता तुमचं आयपॅडवरचं चित्र पेंटिंगमध्ये बसतं का नाही यावर वकील भांडत बसतील, तुम्ही त्या भांडणात जाऊच नका, करारात एक ओळ टाका की कॉपीराइट कलाकाराकडे राहील आणि क्लायंटला अमुक वापराचं लायसन्स. एजन्सीकडे तर कॉपीराइट जायचं काही कारणच नाही, ती फक्त मधली आहे. करारात एजन्सीच्या नावावर असाइनमेंट, म्हणजे हक्क त्यांच्या नावावर करून देणं, दिसली तर तिथे बोट ठेवून विचारा की हे कशासाठी.

हक्क द्यायचेच असतील तर कलम १९ कामाचं आहे. असाइनमेंट लेखी आणि सही केलेली लागते, फोनवर किंवा तोंडी दिलेली चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती धरतात. म्हणूनच एजन्सीच्या ड्राफ्टमध्ये "पर्पेच्युअल" (कायमचं) आणि "वर्ल्डवाइड" (जगभर) हे दोन शब्द हमखास असतात, ते शोभेला नसतात. कॉपीराइट तुमच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे "पर्पेच्युअल" वर सही करताना तुम्ही नातवंडांच्या वतीने पण सही करताय. मोठा ब्रँड कायमचे हक्क मागतो, देऊ नका असं नाही, पण त्याचा रेट वेगळा असतो, एका वर्षाच्या पॅकेजिंगचा आणि कायमच्या बायआउटचा रेट सारखा असेल तर तुमचा एजंट झोपलाय. आणि नाव लावायचा हक्क, कलम ५७, तो कॉपीराइट विकला तरी तुमच्याकडे राहतो. पाकिटावर नाव येणार नाही हे मान्य, पण पोर्टफोलिओत दाखवता येईल ही ओळ करारात मागा, नाहीतर एनडीएच्या (गुप्ततेच्या कराराच्या) नावाखाली तुमचं वर्षभराचं काम अंधारात जातं आणि पुढच्याला दाखवायला काही उरत नाही.

आजकाल एक नवीन ओळ पण बघा, तुमची चित्रं एआय ट्रेनिंगला वापरायची परवानगी कुठे लपलीय का. "नवीन तंत्रज्ञानासह सर्व माध्यमांत" असल्या गोल शब्दांत असते. स्पष्ट नाही असं लिहून घ्या.

चौथं, चेंजेस आणि रद्द झालेलं काम. दोन राउंड फीमध्ये, तिसऱ्यापासून पैसे. रफ झाल्यावर काम बंद पडलं तर किती, फायनल झाल्यावर बंद पडलं तर किती, हे आधी. रद्द कामाचे पैसे मागायला एजंटसारखा माणूस नाही हं, इथे तो खरंच ३० टक्क्यांचा हक्कदार असतो, कारण तो तुमच्यासारखा ओशाळत नाही.

पाचवं, बाहेर पडणं. नोटीस ३० ते ९० दिवसांची ठीक. त्यानंतर त्यांनी आणलेल्या क्लायंटचं काम आलं तर काही महिने कमिशन द्यावं लागतं, सहा महिने रास्त, दोन वर्षं नाही. आणि "सोडल्यावर एक वर्ष दुसऱ्या कोणाबरोबर काम करायचं नाही" असली ओळ दिसली तर घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असली धंदाबंदी मानत नाही, करार संपल्यावर तर जवळपास नाहीच. तरी ओळ काढूनच टाकायला सांगा, कोर्टात जिंकण्यापेक्षा ते स्वस्त. परदेशी एजंट असेल तर कुठल्या देशाचा कायदा लागू हे करारात शेवटच्या पानावर बारीक लिहिलेलं असतं, तिकडचा असेल तर मी वर सांगितलेली आपली कलमं तुमच्या उपयोगाची नाहीत, मग जे काय हवं ते करारातच यायला पाहिजे.

मोठा करार असेल तर वकिलाला एकदा दाखवा, एका बैठकीचे पैसे जातात. महाराष्ट्रात आता १०० चा स्टॅम्प पेपर चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झालाय, हे पण अनेकांना माहीत नाही.

पायरी ७: पैसा कुठून कुठे जातो

दोन रस्ते आहेत. एकात एजन्सी क्लायंटला बिल लावते, पैसे घेते, कमिशन कापून तुम्हाला देते. दुसऱ्यात बिल तुम्ही लावता आणि एजन्सी तिच्या कमिशनचं बिल तुम्हाला लावते. पहिल्यात डोकेदुखी कमी पण पैसे दुसऱ्याच्या हातात, म्हणून क्लायंटचे पैसे आल्यापासून किती दिवसांत देणार ते लिहून घ्या आणि क्लायंटच्या बिलाची कॉपी दर वेळी मागा. मागायला लाजायचं नाही, खरा एजंट स्वतःहून देतो. दुसऱ्यात पूर्ण रक्कम तुमचा टर्नओव्हर धरतात, म्हणजे जीएसटी नोंदणीची वर्षाला २० लाखांची मर्यादा लवकर गाठाल हे लक्षात ठेवा, हातात १४ लाख आणि कागदावर २० असं होतं.

इथल्या एजन्सीकडून पैसे येताना टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापला जातो, प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के, वर्षात एका पार्टीकडून ५०,००० च्या वर गेलं की (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती), काही जण काँट्रॅक्ट धरून १ टक्का कापतात. कापला म्हणजे गेला नाही, रिटर्न भरलं की हिशोबात येतो, पण तो खरंच भरलाय का ते आयकराच्या साइटवर २६एएस मध्ये दर तीन महिन्यांनी बघत जा. कापला आणि भरलाच नाही असे महाभाग आहेत. आणि निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची जी सोय डॉक्टर-वकील-आर्किटेक्ट लोकांना आहे ती आपल्यालाही आहे असं इन्स्टावर सर्रास सांगतात, त्या व्यवसायांच्या यादीत सिनेमाचे कलाकार आहेत पण इलस्ट्रेटर असा शब्द नाही, तेव्हा रीलवर विश्वास न ठेवता सीएला विचारा.

पायरी ८: पहिलं वर्ष

सही झाली की लोक हात वर करून बसतात, आता काम येईल. पहिल्या सहा महिन्यांत मला एजंटकडून एकच काम आलं, तेही छोटं. मी चिडून मेल लिहिला, सुदैवाने पाठवला नाही. एजंटकडे तुमच्यासारखे तीस-चाळीस असतात, ज्याचं नवीन काम त्याच्यासमोर येतं तोच त्याला फोनवर आठवतो. म्हणून महिन्याला दोन नवीन चित्रं स्वतःहून पाठवा, कोणी मागितली नसली तरी, आणि कुठल्या प्रकारचं काम हवंय ते सरळ सांगा. मी स्वयंपाकघराची चार चित्रं पाठवली, पाटा-वरवंटा, पुरणाचं यंत्र, आमच्या आजीची फिरकीच्या तांब्यांची मांडणी, आणि त्यातून एका परदेशी कुकबुकचं काम आलं, जे मी इथून हजार मेल टाकले असते तरी मिळालं नसतं.

इथले क्लायंट मात्र सोडू नका. एजन्सी बंद पडते, एजंट धंदा बदलतो, तुमची स्टाइल जुनी होते, तेव्हा फोन उचलणारा हाच संपादक असतो.

वर्ष झालं की परत वही काढा, तीच पायरी २ वाली. दिवसाचा दर काढा, एजंटचा वेगळा, स्वतःचा वेगळा, स्टुडिओचा वेगळा. सलग दोन वर्षं एजंटचा आकडा खाली असेल तर नोटीस द्या, मेलवर, दोन ओळींची, कारणं लिहायची गरज नसते. त्या मेलमध्ये तीन गोष्टी मागा, बाकी पैशाचा पूर्ण हिशोब, चालू लायसन्सची यादी म्हणजे कुठलं चित्र कोणाकडे कधीपर्यंत आहे, आणि त्यांच्या साइटवरून तुमचं पान काढायची तारीख. लायसन्सची यादी विसरू नका, ती नसेल तर तेच चित्र तुम्ही दुसऱ्याला विकून बसाल आणि मग पहिल्याचा वकील तुम्हाला शोधत येईल.